घरातला बार: दांडा, भिंत आणि तोल

मी बेंगळूरुच्या मारतहळ्ळीहून बोलतेय. हे नाव पहिल्यांदा ऐकलं की आपल्याकडच्या माणसाला हमखास ‘मराठा हळ्ळी’ असं ऐकू येतं. हळ्ळी म्हणजे कन्नडमध्ये खेडं. इथले लोक मात्र शेजारच्या एचएएलकडे बोट दाखवतात आणि तिथे तयार झालेल्या ‘मारुत’ विमानावरून हे नाव पडलं, असं सांगतात. खरंखोटं काहीही असो, आता इथे खेडं उरलेलं नाही. आउटर रिंग रोड आहे, पुलाखालची गर्दी आहे, आणि आमच्यासारखी भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारी हजारो कुटुंबं आहेत.

आजचा विषय आहे घरातला बार. हसू नका. मी कराडला आईला फोन करून म्हटलं होतं, “आई, मी घरात बार लावतेय.” पलीकडे बराच वेळ शांतता. मग हळूच प्रश्न आला, “जावईबापूंना विचारलंस का?”

तर हा तो बार नव्हे. बॅले नाचणारे लोक सराव करताना कमरेच्या उंचीचा एक आडवा दांडा धरतात, त्याला फ्रेंचमध्ये बार म्हणतात. तो धरून टाचा उचलायच्या, गुडघे वाकवायचे, पाय पुढे-मागे-बाजूला न्यायचे. बॅले न शिकताही हा व्यायाम करता येतो. त्याची सुरुवात लोटे बर्क या बाईंनी केली. त्या मूळच्या जर्मन नर्तिका, नाझींच्या काळात देश सोडून लंडनला आल्या. पाठीला दुखापत झाली, तेव्हा नाचातला दांड्याचा सराव आणि पाठीसाठी दिलेले व्यायाम एकत्र करून त्यांनी स्वतःची पद्धत बसवली आणि १९५९ मध्ये लंडनमध्ये वर्ग सुरू केला. पुढे १९७१ मध्ये त्यांची एक शिष्या ही पद्धत न्यूयॉर्कला घेऊन गेली. म्हणजे हा व्यायाम मुळात दुखऱ्या पाठीतून आलेला आहे, हे लक्षात ठेवा. दिवसाचे नऊ तास खुर्चीत बसणाऱ्या माझ्यासारखीला तो पटला तो त्यामुळेच.

मी काय चूक केली ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं का सांगतेय ते कळेल.

मी ऑनलाइन एक उभा, सुटा बार मागवला. दोन पाय, वर आडवा दांडा, चार फूट लांब, घडी घालता येणारा. खोक्यावर लिहिलेलं होतं, शंभर किलो वजन पेलतो. मी खूश. हॉलमध्ये खिडकीजवळ उभा केला. तीन आठवडे रोज सकाळी वीस मिनिटं व्यायाम केला, काही अडचण आली नाही. मग आई आली. वय बाहत्तर. त्याआधी वर्षभरापूर्वी ती न्हाणीघरात घसरली होती आणि तिचं मनगट मोडलं होतं, म्हणून तिला एकटीला ठेवायला नको वाटत होतं.

एके दुपारी ती हॉलमधून चालली होती. फरशीवर पाय किंचित सरकला. पडली नसती, पण माणूस अशा वेळी जवळ जे असेल ते धरतो. तिने माझा बार धरला. बार सरळ तिच्या अंगावर आला. नशीब, मागे सोफा होता. ती सोफ्यावर बसली आणि दांडा तिच्या मांडीवर. लागलं काही नाही. पण ती जे म्हणाली ते माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणाली, “अगं, कठडा दिसला म्हणून धरला. धरायचा नव्हता का?”

मंडळी, आजच्या भागाचं सार तेवढंच आहे. घरात कमरेच्या उंचीवर आडवा दांडा दिसला की कुणीही तो धरणार. तुम्ही बोटं टेकवण्यापुरता आणलाय, हे आईला, सासऱ्यांना, चार वर्षांच्या मुलाला माहीत नसतं. म्हणून बार निवडताना फक्त स्वतःचा विचार करून चालत नाही.

आता शंभर किलोचं काय झालं? मी त्या रात्री कागद-पेन घेऊन बसले. शाळेतलं भौतिकशास्त्र आठवलं. खोक्यावरचं वजन असतं ते सरळ खाली पडणारं. दांड्यावर तांदळाची पोती ठेवली तर तो शंभर किलो पेलेलही. पण माणूस तोल जाताना खाली दाबत नाही, आडवा ओढतो. आणि आडव्या ओढीला उत्तर देणाऱ्या गोष्टी तीन: बारचं स्वतःचं वजन, पायांची रुंदी आणि दांड्याची उंची.

हिशेब सोपा आहे. माझा बार आठ किलोचा. पाय साठ सेंटिमीटर रुंद, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत तीस. दांडा एक मीटर उंचीवर. आठ गुणिले तीस, भागिले शंभर. उत्तर आलं दोन पूर्णांक चार. म्हणजे साधारण अडीच किलोच्या ओढीला माझा शंभर किलोवाला बार पडणार होता. भाजीची पिशवी उचलायला यापेक्षा जास्त जोर लागतो.

तुम्हाला गणित नको असेल तर एक युक्ती सांगते. विमानप्रवासाला जाताना बॅग तोलायचा हातातला काटा बऱ्याच घरी असतो. तो दांड्याच्या मध्यावर अडकवा आणि आडवा, आपल्याकडे ओढा. पलीकडचे पाय जमिनीवरून सुटले की काट्यावरचा आकडा बघा. दहा किलोच्या आत पाय सुटत असतील तर तो बार एकट्याने, हलक्या हाताने वापरायचा आहे आणि व्यायाम झाला की घडी घालून कपाटामागे ठेवायचा आहे. हॉलमध्ये उभा सोडायचा नाही.

असा बार घेतलाच असेल तर टाकून देऊ नका. दोन्ही पायांवर दहा-दहा किलोच्या वाळूच्या पिशव्या ठेवा. माझ्या हिशेबात तेवढ्याने अडीच किलोचे साडेआठ किलो झाले. वजन खालीच ठेवायचं, वर नाही. आणि नवा घेणार असाल तर दांड्याच्या रंगाकडे बघण्याआधी खालचे पाय किती रुंद आहेत ते बघा.

आपल्याकडे ही अक्कल जुनी आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं, असं आपण मानतो. त्यातला मुख्य प्रकार कोणता? पुरलेला मल्लखांब. नावातच सगळं आलं. लाकूड सागवानी की शिसवी, हे नंतर. आधी तो जमिनीत नीट पुरायचा. टांगता मल्लखांबही आहे, पण तो हलतो हे धरूनच त्यावरच्या उड्या शिकवतात. म्हणजे आधार हलणारा आहे की न हलणारा, हे आधी ठरवायचं आणि मग व्यायाम ठरवायचा. मी उलटं केलं होतं.

मग पर्याय राहिला भिंतीचा. इथे भाड्याच्या घरातल्या लोकांना घाम फुटतो. बेंगळूरुची डिपॉझिटं तुम्हाला माहीत आहेत, एकेकाळी दहा-दहा महिन्यांचं भाडं आधी द्यावं लागायचं. भिंतीला भोक म्हटलं की डोळ्यांसमोर कापलेली रक्कम दिसते. आमच्या घरमालकांना मी व्हॉट्सअ‍ॅपवर एक चित्र पाठवलं: किती भोकं, कुठे, आणि जाताना ती बुजवून रंग लावून देईन. आईचा प्रसंगही लिहिला. अर्ध्या तासात होकार आला. त्यांनी एवढंच विचारलं की जाताना दांडा तिथेच ठेवाल का, त्यांच्याही घरी म्हातारे वडील आहेत. न विचारता भोकं पाडू नका. चित्र काढून विचारा. नाही म्हणणारी माणसं आपल्याला वाटतात तितकी नसतात.

आता भिंत. सगळ्या भिंती सारख्या दिसतात, पण गिलाव्याच्या आत काय आहे त्यावर सगळं अवलंबून. बारीक ड्रिलने एक छोटं भोक पाडा आणि बाहेर येणारी भुकटी बघा. लाल भुकटी आली तर वीट. करडी भुकटी, ड्रिल अडतंय, आवाज मोठा, तर काँक्रीट. आणि पांढरट, मऊ, पिठासारखी भुकटी सरसर आली तर एएसी ब्लॉक, म्हणजे हलके, आत हवेची छिद्रं असलेले ठोकळे. अलीकडच्या बऱ्याच इमारतींमध्ये आतल्या भिंती या ब्लॉकच्या असतात.

काँक्रीटचा खांब किंवा काँक्रीटची भिंत मिळाली तर उत्तम. तिथे लोखंडी अँकर बोल्ट छान बसतो. विटेत चांगला नायलॉनचा रावल प्लग आणि लांब स्क्रू चालतो, पण स्क्रू गिलावा ओलांडून विटेत पुरेसा आत गेला पाहिजे. गिलावा स्वतः काहीही धरत नाही. एएसी ब्लॉकमध्ये मात्र फुगणारा लोखंडी बोल्ट कसला की ब्लॉक आतून फुटतो. तिथे केमिकल अँकर वापरतात, किंवा त्या ब्लॉकसाठीच बनवलेले लांब नायलॉन प्लग. आणि एक जादा काळजी म्हणून आधी भिंतीवर जाड लाकडी फळी सहा-आठ ठिकाणी बसवायची आणि मग तिच्यावर बारचे ब्रॅकेट, म्हणजे ओढ वाटली जाते. जिप्समची पोकळ पडदी असेल तर तिथे बार लावायचाच नाही.

स्क्रूवर किती ओढ येते, याचाही अंदाज हवा. दांडा भिंतीपासून वीस सेंटिमीटर पुढे आहे, ब्रॅकेटचे दोन स्क्रू एकमेकांपासून दहा सेंटिमीटरवर आहेत, आणि कुणी एका ब्रॅकेटजवळ तीस किलोचा भार टाकला, तर वरचा स्क्रू साधारण साठ किलोच्या जोराने भिंतीतून बाहेर ओढला जातो. दुप्पट. म्हणून ब्रॅकेटची पट्टी उंच घ्या, स्क्रू लांब-लांब घ्या, आणि दांडा गरजेपेक्षा पुढे आणू नका. पंधरा ते वीस सेंटिमीटर पुरे. बोटांची गाठ भिंतीला घासली नाही की झालं. पडद्याचा दांडा आणि त्याचे दोन पिटुकले स्क्रू यासाठी कधीच वापरू नका. दाराच्या चौकटीत दाबून बसवायचा दांडाही नको.

आणखी एक. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा सरळ खाली भोक पाडू नका, तिथून वायरींची नळी जाते. ज्या भिंतीच्या मागे न्हाणीघर आहे तिथे पाण्याच्या नळ्या असतात. मिस्त्री म्हणेल, “काही होत नाही मॅडम.” त्याला होत नाही, खालच्या मजल्यावरच्या बाईंना होतं.

जागा ठरली, आता मापं. उंची किती? बाजारातले बार बहुतेक ऐंशी सेंटिमीटर ते एकशे पंधरापर्यंत खालीवर करता येतात. तुमच्यासाठी कोणती उंची, ते भिंतीशी उभं राहून ठरवा. बारला बाजू देऊन ताठ उभं राहायचं, खांदे सैल, कोपर किंचित वाकलेलं आणि शरीराच्या थोडं पुढे. हात जिथे सहज टेकतो ती तुमची उंची. खांदा वर चढला तर दांडा उंच आहे. कमरेत वाकावं लागलं तर खाली आहे. पाच फूट दोन इंचांच्या बाईला साधारण नव्वद ते शंभर सेंटिमीटर जमतं. घरात दोघं वेगळ्या उंचीची असतील तर दोन दांडे लावतात, एक वर एक खाली. आम्ही आईच्या मापाचा एकच लावला. मी थोडी जुळवून घेते. ज्याला आधाराची गरज जास्त, त्याचं माप धरावं.

जाडी अडतीस ते पन्नास मिलिमीटर. बायकांच्या हाताला अडतीस-चाळीस बरी. मूठ वळली की अंगठा आणि मधलं बोट एकमेकांजवळ आलं पाहिजे. लाकूड असेल तर गाठी नसलेलं, सरळ रेषांचं; सागवान उत्तम. त्याला चकचकीत पॉलिश नको, घामाने हात सरकतो. हलकं, मॅट पॉलिश करा. स्टीलची नळी हवी असेल तर जिन्याचे कठडे बनवणाऱ्या फॅब्रिकेटरकडे जा. तो रोज हेच काम करतो आणि त्याला धरायचा दांडा म्हणजे काय ते कळतं.

लांबी एका माणसाला चार फूट, दोघांना सहा ते आठ. दर चार फुटांना एक ब्रॅकेट. टोकाला दांडा ब्रॅकेटच्या बाहेर सहा-सात इंचांहून जास्त नको. आणि दांड्यापेक्षा जागा जास्त लागते, हे विसरू नका. पाय पुढे आणि मागे जाणार, म्हणजे दांड्याच्या दिशेने दोन मीटर मोकळे हवेत. पाय बाजूला जाणार, म्हणजे भिंतीपासून दीड मीटर. पलंग, टीपॉय, फ्रीजचा दरवाजा, सगळं मोजा.

फरशीबद्दल थोडं. आपल्या घरांतली व्हिट्रिफाइड टाइल मोज्यांवर बर्फासारखी घसरते. अनवाणी करा, किंवा तळाला रबराचे ठिपके असलेले मोजे घ्या. जाड योगा मॅटवर एका पायावर उभं राहू नका. ती मऊ असते, घोटा डगमगतो. पातळ, न सरकणारी रबरी चटई चालेल.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, जो मी शेवटी विचारला आणि तुम्ही आधी विचारायला हवा. तुम्हाला बार हवाय का? महिनाभर स्वयंपाकघराचा ओटा धरून व्यायाम करा. ओटा साधारण ऐंशी-पंचाऐंशी सेंटिमीटर उंच असतो, थोडा खाली पडतो, पण तो कुणाच्या बापाने हलत नाही. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत टाचा वर-खाली करा. महिन्यात वीस दिवस केलंत तर बार घ्या. पाच दिवस केलंत तर ते पैसे वाचवा आणि ओट्याशीच राहा. ओट्याच्या आधाराने केलेल्या व्यायामाने पोटऱ्यांना कळत नाही की दांडा नव्हता.

ज्यांना गुडघ्याचा, कमरेचा त्रास आहे, किंवा हाड मोडून गेलंय, त्यांनी आधी फिजिओथेरपिस्टला विचारावं. आणि एक स्पष्ट सांगते: व्यायामाचा बार हा न्हाणीघरातल्या आधाराच्या दांड्याची जागा घेत नाही. तो वेगळा असतो, ओल्या जागेसाठी आणि पूर्ण शरीराचा भार धरण्यासाठी बनवलेला असतो. आमच्याकडे तो आधी लागला, मग हा.

शेवटी आमच्या घरात काय झालं? खोल्यांमधल्या बोळात काँक्रीटचे दोन खांब सव्वाचार फुटांवर मिळाले. नेमके तिथे ब्रॅकेट बसवले आणि साडेपाच फुटांचा सागवानी दांडा. बोळाची रुंदी पाय बाजूला न्यायला कमी पडते, तेवढा व्यायाम मी पुढे सरकून, बोळाच्या तोंडाशी करते. सगळं काही एकाच जागी मिळत नाही.

सुतार इथलाच. काम झाल्यावर त्याने दोन्ही हातांनी दांडा धरला, मागे झुकला, पूर्ण जोर लावला आणि म्हणाला, “गट्टि इदे.” आईला कन्नड येत नाही. ती म्हणाली, “हो, घट्ट आहे.” आणि दोघंही हसले. एकच शब्द होता, दोघांच्या तोंडी थोडा वेगळा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये पासष्ट वर्षांवरच्या लोकांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारा व्यायाम करावा, असं सांगितलंय. आई रोज करते. सकाळी आठ वाजता, आधी देवपूजा, मग दांडा. दहा वेळा टाचा उचलायच्या, दहा वेळा अर्धं बसून उठायचं, मग एका पायावर उभं राहायचं. सुरुवातीला तिची मूठ पांढरी पडायची. आता दोन बोटं टेकलेली असतात. बॅलेचे गुरू विद्यार्थ्यांना हेच सांगतात: दांडा पकडू नका, त्यावर हात नुसता ठेवा. पण दोन बोटांवर यायला, मूठ आवळली तरी न हलणारा दांडा आधी लागतो. भरवसा बसला की माणूस आपोआप हात सैल सोडतो.

कराडला परत जायचं म्हणते आता. परवा मला विचारत होती, तिथल्या घराची भिंत विटेची आहे ना, मग कोणता प्लग लागेल? मी तिला म्हटलं, “आधी भोक पाडून भुकटी बघ. आणि फोटो पाठव.”

तुम्हीही तेच करा.